उंबरझिऱ्याचं रान

कोकिळा इंगळेला कॉलेजात रुजू होऊन आठवडा झाला, तेव्हा तिनं ऑफिसातल्या कारकुनाकडे जमिनीचा नकाशा मागितला. कॉलेज नवंच होतं. जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टिनाच्या छपराच्या पाच खोल्या, एक प्रयोगशाळा आणि भोवती बत्तीस एकर उघडी जमीन. साल १९६६. वनस्पतिशास्त्राच्या नव्या बाईंनी कॉलेजची बाग आखून द्यावी, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं, म्हणून नकाशा हवा होता.

नकाशा नव्हताच. कारकुनानं बक्षीसपत्राची नक्कल काढून दिली. गावचे मोठे शेतकरी शेषराव देशमुख यांनी ही जमीन कॉलेजला दिली होती. कागदावर चतुःसीमा होत्या आणि वर शेताचं नाव होतं: उंबरझिरा.

कोकिळा खिडकीशी गेली. बाहेर जिथवर नजर जाई तिथवर एकही उंबर नव्हता. झिरा म्हणजे ओलाव्याची जागा, हातभर उकरलं की जिथं पाणी पाझरतं ती. कॉलेजच्या मागून एक नाला वाकडातिकडा गेला होता खरा, पण त्यात तापलेल्या गोट्यांशिवाय काही नव्हतं.

"इथं उंबर कुठं आहे?" तिनं विचारलं.

"नाव आहे मॅडम," कारकून म्हणाला. "नावाले काय लागते?"

दुसऱ्या कोणी ते तिथंच सोडलं असतं. कोकिळेला ते जमत नसे. तिचे वडील नांदुऱ्याला रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत चालताना खडीत उगवलेलं एखादं रोप दिसलं की ते उपटून घरी आणत, आणि लहानगी कोकिळा विचारी, "बाबा, हे तिथं कोणी लावलं?" बाबा म्हणत, "कोनीच नाई. आलं." हे "आलं" म्हणजे काय, ते शोधत ती नागपूरपर्यंत शिकली होती. घराण्यात तिच्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं.

त्या दुपारी ती खुरपं घेऊन नाल्याकडे गेली. उतारावर घोट्याएवढी झुडपं होती, जमिनीला चिकटलेली, कातरीनं छाटावीत तशी सपाट झालेली. अशी किती तरी. तिनं एका झुडपाच्या बुडाशी उकरायला सुरुवात केली. मूळ बोटाएवढं असेल असं तिला वाटलं होतं. वीतभर खाली ते मनगटाएवढं लागलं. आणखी खाली गेल्यावर मांडीएवढा गाठाळ गड्डा, त्यावर जुन्या तोडीच्या खुणा, एकावर एक.

"काय हरवलं बाई?"

दरडीवर एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मागं चाळीसेक बकऱ्या. हा पुंजाजी. गावातल्या बकऱ्या चारायचं काम त्याच्याकडे होतं, त्याच्याआधी त्याच्या बापाकडे होतं.

"काही हरवलं नाही. हे काय आहे ते पाहते."

"धावडा आहे तो."

"किती वर्षांचा असेल?"

पुंजाजी हसला. "त्याचं वय कोन पुसते? मी लहान होतो तवापासून एवढाच आहे. बकऱ्या खातेत, फुटते. फुटलं का पुन्हा खातेत."

"तुमचं वय काय, बाबा?"

"साठाच्या आसपास असन."

कोकिळा बाजूला सरकली. "खाली या. हात लावून पाहा."

तो काठी ठेवून उतरला, खड्ड्याशी उकिडवा बसला आणि मुळावरून हात फिरवला. मग म्हणाला, "हे तर बुंध्यावानी आहे."

"बुंधाच आहे. मातीखाली राहिलेला."

पुंजाजीनं मान वर करून उताराकडे पाहिलं. रोजचाच उतार होता. त्यानं बोट दाखवत नावं घ्यायला सुरुवात केली. "थो तेंदू. त्याच्या बाजूले पयस. तठी वरत्या अंगाले अंजन आहेत, दहा-बारा." मग बोट थांबलं. "बाई, नाई खाल्लं तर याचं झाड होईन का?"

"मला माहीत नाही," कोकिळा म्हणाली.

हे उत्तर त्याला पटलं असावं. शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते त्यानं फारसं ऐकलं नव्हतं. चार दिवसांनी ती पुन्हा नाल्याकडे गेली, तेव्हा एका धावड्याभोवती बोरीच्या काट्यांचं गोल कुंपण होतं. काटे ताजे तोडलेले होते. कोणी केलं हे विचारायची गरज नव्हती.

प्राचार्य वामनराव पन्नाशीचे, पुण्याकडचे, गणिताचे. त्यांना सगळं रेषेत लागे, वर्गातली बाकंसुद्धा. जुलैत वनमहोत्सव व्हायचा होता, त्यासाठी निलगिरी आणि गुलमोहराची दोनशे रोपं मागवली होती. कोकिळेनं त्यांच्याकडे नाल्याकाठची सहा एकर मागितली.

"काय लावणार?"

"काहीच नाही, सर."

वामनरावांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"तिथं चराई बंद करायची आणि काय येतं ते पाहायचं. जमिनीखाली जुनी मुळं जिवंत आहेत. किती आहेत, कसली आहेत, ठाऊक नाही."

"वनमहोत्सवात काही न लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "घ्या. ती जमीन तशीही कोणाच्या नजरेस पडत नाही. मला लेखी अर्ज द्या."

तिनं त्याच दिवशी अर्ज दिला. विद्यार्थ्यांना घेऊन काट्याचं कुंपण घालायचंही ठरवलं. ते पुंजाजीला सांगायला गेली, तेव्हा त्याचा चेहरा एकदम बंद झाला.

"आन् मी चाळीस बकऱ्या कुठी नेऊ?"

याचा तिनं विचारच केला नव्हता. मुळं, पानं, नोंदी, सगळ्याचा केला होता. तिला स्वतःची लाज वाटली. ती तिथंच दरडीवर बसली. शेजारी गवताचा भारा बांधत असलेली जनकाबाई दोघांचं बोलणं ऐकत होती. ती या उतारावरचं गवत कापून गावात विकत असे. ती म्हणाली, "आमालेबी येऊ देनार नाई का मंग?"

"मला सांगा, कसं करू?" कोकिळा म्हणाली.

दोघांनी मिळून सांगितलं, आणि ते तिच्या अर्जापेक्षा बरं निघालं. सहाच्या सहा एकर बंद करायची नाही. नाल्याच्या पलीकडची दोन एकर बकऱ्यांना मोकळी ठेवायची. अलीकडच्या चार एकरांत बकरी सोडायची नाही, पण दसऱ्यानंतर, गवताचं बी झडल्यावर, जनकाबाईनं विळ्यानं कापून न्यायचं. "इळ्याले मालूम असते काय कापाचं," ती म्हणाली. "बकरीच्या तोंडाले नाई."

कोकिळेच्या लक्षात आलं की यानं तिचंही काम साधतं. एकाच नाल्याचे दोन काठ, एक चरलेला, एक राखलेला. तुलना समोरच राहील.

पोळ्याच्या सुमाराला राखलेल्या बाजूचा धावडा कमरेला लागला. दिवाळीपर्यंत पुंजाजीच्या छातीला. कोकिळेनं वहीत आधी चौदा जातींची नावं लिहिली होती, दसऱ्यापर्यंत ती एकतीस झाली. पुंजाजी रोज सकाळी बकऱ्या पलीकडे सोडून काठावर येई आणि काल नसलेलं काही दिसलं का ते सांगे. कधी एखादी वेल असे, कधी गवताची नवीन जात, कधी सशाच्या लेंड्या. त्याला अक्षरं येत नव्हती, पण कोणतं झुडूप कुठं आहे हे त्याला तिच्या वहीपेक्षा पक्कं ठाऊक होतं. वनमहोत्सवातली रोपं होळीपर्यंत बहुतेक वाळून गेली.

उंबराचा प्रश्न मात्र तसाच होता. पुंजाजीला आठवत नव्हता. "मीनं तं पाह्यला नाई. शेषरावांले पुसा. त्यायचीच जमीन."

शेषराव सत्तरीचे होते, कॉलेज समितीचे अध्यक्ष. कोकिळा एका रविवारी त्यांच्या मळ्यात गेली. ते विहिरीशेजारी खाटेवर बसून संत्र्याच्या रोपांची कामं बघत होते. तिनं शेताच्या नावाचं विचारलं, तसे ते चकित झाले. दोन वर्षांत जमिनीबद्दल अनेकांनी बरंच काही विचारलं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

"उंबर होता न. मोठा होता म्हनत. मीबी पाह्यला नाई, माह्या जन्माआधी तोडला." त्यांनी विहिरीकडे बोट केलं. "तो काय. तठी आहे."

"कुठं?"

"विहिरीत. आमच्या आज्यानं विहीर खंदली, तवा बुडाले कड टाकाले उंबर तोडून आनला. उंबराचं लाकूड पान्यात सडत नाई. त्याच्यावरच सारं बांधकाम उभं आहे. या, दावतो."

ते काठाशी गेले. कोकिळा निघाली आणि चार पावलांवर तिचे पाय आपोआप थांबले. नांदुऱ्याजवळच्या खेड्यात तिची आई विहिरीपासून एवढ्याच अंतरावर घागर खाली ठेवून उभी राहत असे, कोणी तरी वरून पाणी ओतेपर्यंत. ते तिला त्या वेळी आठवलं असंही नाही. पायांना आठवलं.

शेषराव वळून बघत होते. त्यांनाही काही तरी कळलं असावं. ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, "तिथून नाई दिसनार, बाई. अठी या. हात ठेवा काठावर, वाका."

ती गेली, काठावर हात ठेवले आणि वाकली. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं. तळाशी दगडी बांधकामाखाली एक काळी, गोल, रुंद पट्टी दिसत होती. लाकडाची. अख्खी विहीर त्या पट्टीवर बसली होती.

"शंभर वर्षं झाली असतील?"

"जास्तच असतील."

ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. कधीच न पाहिलेलं झाड असं सापडेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. परत निघताना शेषरावांनी विचारलं, "नाल्यात काय चाललं तुमचं? पुंजाजी सांगत होता, झाडं उगून राह्यली म्हून." तिनं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "मले वाटलं होतं, कामाची नाई अशी जमीन देऊन राह्यलो."

पुढच्या वर्षी, १९६८च्या फेब्रुवारीत, विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला यायची होती. त्याच आठवड्यात कोकिळेला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला अकोल्याला जावं लागलं. आठ दिवसांनी ती एसटीतून उतरली, तर स्टँडवर पुंजाजी उभा. तो कधी स्टँडवर येत नसे.

"बाई, कापलं."

"काय कापलं?"

"सारं. पोरायले लावून. अन् जाळलं."

ती पिशवी हातात घेऊन तशीच चालत गेली. चार एकर काळी होती. समितीला काटेरी जंगल दिसू नये म्हणून प्राचार्यांनी श्रमदान ठेवलं होतं. दीडशे विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत कुऱ्हाडी आणि कुदळींनी सगळं साफ केलं, ढीग रचले आणि पेटवले. छातीला लागणारा तो पहिला धावडा कुठं होता हेही कळत नव्हतं.

"मी बोललो," पुंजाजी म्हणाला. "म्हनलं, बाईले येऊ द्या. पन माह्यं कोन आयकते."

ती वामनरावांकडे गेली. त्यांना अपराधी वाटत नव्हतं, आणि हेच तिला सर्वांत कठीण गेलं. "मला वाटलं, तुम्हाला वेळ मिळाला नाही म्हणून तसंच वाढलं होतं," ते म्हणाले. "काय येतं ते पाहायचं म्हणाला होतात. पाहून झालं ना दीड वर्ष?"

कोकिळा तिथून निघाली. खोलीवर जाऊन तिनं राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. वार्षिक परीक्षा आटपल्यावर द्यायचा, असं ठरवलं. नाल्याकडे जाणं तिनं बंद केलं.

मार्चच्या शेवटी, कडक उन्हात, सकाळी साडेसातला पुंजाजी तिच्या खोलीच्या दाराशी आला. "चला."

"काय आहे?"

"चला तं खरं."

राख वाऱ्यानं उडून गेली होती. काळ्या जमिनीतून ठिकठिकाणी तांबूस कोंब वर आले होते. तेंदूचे होते, पळसाचे होते, वरच्या अंगाला अंजनाचे, तांब्याच्या भांड्यासारखे चकाकणारे. पावसाला अडीच महिने होते. नाला कोरडा ठणठणीत. कोकिळा गुडघ्यावर बसली. साठ वर्षं बकऱ्यांनी जे केलं होतं, तेच विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत केलं होतं, आणि मुळांनी त्याला तेच उत्तर दिलं होतं. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. तरी स्वतः उकरून पाहिलेल्या मुळांवर विश्वास ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. ती उठली आणि थेट प्राचार्यांच्या घरी गेली.

वामनराव हातात चहाचा कप घेऊनच आले. त्यांनी एक कोंब पाहिला, मग दुसरा. बराच वेळ फिरले. मग त्यांनी कप एका दगडावर ठेवला.

"पाऊस नाही. पाणी कोणी घातलं नाही. हे कशावर आलं?"

कॉलेजात दोन वर्षं होत आली होती, झाडं कशी वाढतात याबद्दल त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. कोकिळेनं पुंजाजीकडचं खुरपं घेऊन त्यांच्या हातात दिलं. धोतर वर खोचून प्राचार्य उकरायला बसले. अर्ध्या तासानं ते कोपरापर्यंत मातीत होते आणि मांडीएवढ्या मुळावर त्यांचा पंजा होता.

"अशी किती आहेत?"

"मोजली नाहीत."

"मोजली नाहीत?" त्यांना हे खरंच पटेना. "दीड वर्षात?"

त्यानंतरचे आठ दिवस कॉलेजात गणिताचे तास झालेच नाहीत. ज्या विद्यार्थ्यांनी रान कापलं होतं त्यांनाच घेऊन वामनरावांनी चार एकरांवर सुतळ्या ताणल्या, चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनातली जिवंत खोडं मोजायला लावली. सकाळी सहा ते नऊ. पुंजाजी प्रत्येकाचं नाव सांगे, विद्यार्थी लिहीत. शेवटी आकडा आला: एक हजार सातशे बारा. वामनरावांनी तो दोनदा तपासला. मग नाल्याच्या तोंडाशी त्यांनी एक पाटी लावली, "येथे काहीही लावू नये व काहीही कापू नये. हुकमावरून, प्राचार्य." ही त्यांची क्षमायाचना होती. याहून जास्त ते बोलले नाहीत आणि कोकिळेनंही मागितलं नाही. राजीनाम्याचा कागद तिनं फाडला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोनांचा तक्ता काढून, तो वहीत उतरवून झाल्यावर.

मग नाल्याची पाळी आली. पाऊस पडला की पाणी धावत येई आणि धावत जाई, सोबत माती नेई. गोटे रचून आडवे छोटे बांध घालावेत, असं कोकिळेला वाटत होतं, पण पहिला कुठं घालावा? जनकाबाईनं जागा दाखवली. "या वळनावर लव्हाळा उन्हाळ्यातबी हिरवा राह्यते. खालती ओल असन." शेषरावांनी पहारी आणि दोन गडी पाठवले, आणि तिसऱ्या दिवशी खाट टाकून स्वतःही येऊन बसले. हातभर गाळ काढल्यावर माती काळी झाली. आणखी हातभर गेल्यावर खड्ड्याच्या एका बाजूनं वाटीभर पाणी जमलं, गढूळ. सगळे बघत राहिले. जनकाबाईनं ओंजळीत घेऊन चव घेतली आणि म्हणाली, "गोड आहे." झिरा होता. वरची जमीन उघडी पडल्यावर तो गाळाखाली गेला होता, एवढंच.

तिथंच पहिला बांध घातला, आणि दोन पावसाळ्यांत असे सात बांध झाले. पाणी आधी संक्रांतीपर्यंत टिकलं, मग होळीपर्यंत. खेकडे आले. एक खंड्या पक्षी रोज एकाच गोट्यावर बसू लागला. तिसऱ्या बांधाच्या दगडांच्या फटीत पाखरांच्या विष्ठेतून उंबराची दोन रोपं आपोआप उगवली. शेषरावांना ती दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी वाकून एकेका पानाला बोट लावून पाहिलं.

१९६९च्या पावसाळ्यानंतर पुंजाजीनं एक रोप दाखवलं, उताराच्या सगळ्यात खडकाळ भागात. गुडघ्याएवढं, पान पाच बोटांचं. हे जुन्या मुळातून फुटलेलं नव्हतं. बियाण्यातून आलं होतं.

"पऱ्हाटीवानी पान आहे," तो म्हणाला. कपाशीचं, म्हणजे. "पन पऱ्हाटी नाई."

"कढई असेल," कोकिळा म्हणाली. कढईचं झाड सातपुड्यात होतं, आणि त्याचं पानही असंच.

"कढई नाई."

"कशावरून?"

"मालूम नाई. पन कढई नाई."

वामनरावांनी पान मोजलं. जनकाबाईनं चुरगाळून हुंगलं. कोणालाच सांगता येईना. कोकिळेनं एक पान दाबून नागपूरला पाठवलं. तिथून उत्तर आलं, दोन-तीन शक्यता आहेत, फूल आल्याशिवाय सांगता येणार नाही. तेव्हापासून दर वर्षी ते सगळे त्या रोपाकडे फुलाची वाट बघू लागले. दर उन्हाळ्यात ते पानं टाकी आणि काठीसारखं उभं राही. एका वर्षी कोकिळेला वाटलं, मेलं. पुंजाजीनं नखानं साल खरवडून हिरवं दाखवलं.

१९७१मध्ये ती पुढच्या संशोधनासाठी नागपूरला गेली. तिच्या जागी एक तरुण व्याख्याते आले. वह्या तिनं त्यांच्याकडे दिल्या आणि पुंजाजीशी ओळख करून दिली. निघायच्या दिवशी पुंजाजी म्हणाला, "फूल आलं का धाडतो."

पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिला एक पार्सल मिळालं. जळगाव जामोदहून नांदुऱ्यापर्यंत एसटीच्या कंडक्टरनं आणलेलं, तिथून पुढं तिच्या वडिलांच्या ओळखीच्या गार्डनं. आत मिठाईच्या खोक्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं फूल होतं. तळहाताएवढं, गर्द पिवळं, मधे केशरी तंतूंचा झुपका. पाकळ्या कडेनं सुकल्या होत्या, तरी ओळखायला अवघड नव्हतं. डोंगरातल्या खडकांत वाढणारा गणेर होता तो. कढई नव्हती.

सोबत वामनरावांची चिठ्ठी होती, त्यांच्या रेषेत बसणाऱ्या अक्षरांत. "काठीला पान नाही, टोकाला तीन फुलं आली. जनकाबाईंनी पाहताक्षणी नाव सांगितलं. पानावरून ओळखलं नाही, फुलावरून ओळखलं, असं त्या म्हणाल्या. याचं बी कापसात गुंडाळलेलं असतं व वाऱ्यानं येतं, असं नव्या व्याख्यात्यांनी सांगितलं. तेव्हा पुंजाजींनी विचारलं, मग याची माय कुठं आहे? आपल्या बत्तीस एकरांत नाही. आसपासच्या शेतांतही नाही. ते परवापासून डोंगरात शोधायला गेले आहेत. अद्याप परतलेले नाहीत. मी वाऱ्याच्या दिशेवरून एक अंदाज बांधला आहे, पण त्यांनी तो ऐकून घेतला नाही."

शनिवारी रात्रीच्या गाडीनं ती निघाली. रविवारी सकाळी एसटीतून उतरली, तर पुंजाजी आदल्या दिवशीच परत आला होता, पिंढऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या. त्याला झाड सापडलं होतं. तो तिला आणि वामनरावांना घेऊन निघाला. वामनरावांच्या हातात छत्री आणि खिशात वही होती. नाला ओलांडून, मग शेतं, मग पहिली टेकडी, मग दुसरी. अकराच्या सुमाराला त्यानं हात वर केला. समोरच्या उभ्या खडकावर, माती जवळजवळ नसलेल्या जागी, एक निष्पर्ण झाड होतं, अंगभर पिवळं.

"सव्वातीन मैल," वामनराव म्हणाले. ते पावलं मोजत आले होते. "वाऱ्यानं बी इतकं लांब येतं?"

"आलं तं आहे," पुंजाजी म्हणाला.

खाली खडकावर मागच्या वर्षीचं एक फुटलेलं बोंड पडलं होतं. कोकिळेनं ते उचललं. आत दोन-तीन बिया राहिल्या होत्या, पांढऱ्या लवेला चिकटलेल्या. तिनं एक बी लवेसकट सोडवलं आणि तळहातावर धरलं. वारा होता. लव उचलली गेली, खडकाच्या कडेवरून गेली, खाली झाली, पुन्हा वर आली. तिघंही तिच्यामागं बघत राहिले. एका जागी ती उन्हात दिसेनाशी झाली, आणि पुंजाजी म्हणाला, "अजून आहे, अजून आहे, थो पाहा," आणि वामनराव चष्मा पुसून पुन्हा बघू लागले.